कारणाचा रकाना

भिलाईत तेव्हा वस्तू नाहीशा व्हायला फार वेळ लागत नसे. शनिवारी शाळा सुटताना पाहिलेलं बाभळीचं झाड सोमवारी जागेवर नसायचं. एका तळ्यावर माझ्या शेजारणीनं दिवाळीआधी गोधड्या धुतल्या होत्या, होळीपर्यंत त्या तळ्यात मुरूम पडून त्यावरून ट्रक जायला लागले. गावांची नावं जाऊन तिथे नंबर येत होते. कारखाना अजून पुरता उभा राहिला नव्हता, पण दिवसातून कितीतरी वेळा पायाखालची जमीन हादरायची आणि फळ्याखाली खडूचा भुगा सांडायचा. मुलं वाचता वाचता थांबायची, हादरा गेला की पुढचा शब्द उचलायची. मला मात्र त्याची सवय शेवटपर्यंत झाली नाही.

मी भंडाऱ्याकडची. नवरा कारखान्यात फिटर म्हणून लागला आणि त्याच्या मागोमाग मी आले. नॉर्मल, म्हणजे शिक्षिकेची परीक्षा, पास होते, त्यामुळे खुर्सीपारकडच्या मजूर छावणीजवळच्या प्राथमिक शाळेत मला लगेच घेतलं. शाळा म्हणजे टिनाची एक लांब शेड, पाच वर्ग आणि तीन शिक्षक. शिकवणं हिंदीतून. हेडमास्तरांना सगळे बडे गुरुजी म्हणत. ते रायपूरकडचे, सावकाश बोलणारे, मुलांना अहोजाहो करणारे गृहस्थ होते. माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असायचा, पण अक्षर बरं होतं. म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यांनी दाखिल-खारिजचं रजिस्टर माझ्या ताब्यात दिलं.

शाळेत आलेल्या मुलाचं नाव त्या रजिस्टरात डाव्या पानावर लिहायचं आणि ते गेलं की उजव्या पानावर तारीख आणि कारण. पाचवी पास, मृत्यू, पालक अन्यत्र गेले, शिक्षण सोडले, अशी चारच कारणं चालत. त्यावरून तक्ता करून वरच्या कचेरीत पाठवायचा. यातलं शेवटचं कारण लिहिणं म्हणजे आपणहून विंचू हातात घेणं. दर मुलामागे एक वेगळा कागद भरायचा, ते का गेलं, शिक्षक किती वेळा घरी गेले, काय समजावलं. शिवाय ते मूल शाळेच्या नावावर गळती म्हणून कायमचं चिकटायचं. ‘पालक अन्यत्र गेले’ लिहिलं की काहीच नाही. ते मूल शाळेच्या एकूण संख्येतूनच वजा व्हायचं, आणि पुढे त्याचं काय झालं ही दुसऱ्या कुठल्यातरी शाळेची काळजी. ती शाळा कोणती, हे लिहायला रकानाच नव्हता.

बडे गुरुजींनी हे मला फार मायेनं समजावलं. महिनाभर मूल आलं नाही की समजायचं, ठेक्याचं काम संपलं आणि घर हललं. छावणीतली माणसं हलतच असतात, म्हणाले. आणि ज्या शाळेत मुलं टिकतात तिला पक्की इमारत मिळणार, असं वरच्या साहेबांनी त्यांना सांगितलं होतं. त्यांना ती इमारत मुलांसाठीच हवी होती. एप्रिलमध्ये त्या टिनाखाली मुलांच्या नाकांचे घोळणे फुटायचे आणि गुरुजी स्वतःच्या धोतराचा सोगा भिजवून त्यांच्या कपाळावर धरायचे. वाईट माणूस असता तर मी पहिल्याच दिवशी भांडले असते. ते चांगले होते, आणि आज मला त्याचीच जास्त भीती वाटते.

मी लिहीत गेले. पावसाळा संपेपर्यंत तशी दहा नावं झाली. मग एक गोष्ट व्हायला लागली. मी साडेदहाला शाळेत जायची तेव्हा मजुरांची रांग रस्ता ओलांडायची, आणि त्या रांगेत, डोक्यावर रिकामी घमेली घेतलेल्या बायांच्या मागे, दोन बहिणी असायच्या. तिसरीतल्या. त्यांच्या नावापुढे मी स्वतः ‘पालक अन्यत्र गेले’ लिहिलं होतं. त्या मला पाहून घमेली खाली ठेवायच्या आणि दोन्ही हात जोडून नमस्कार करायच्या. मी मान डोलवून पुढे जायची. कागदावर त्या भिलाईत नव्हत्या आणि रोज सकाळी मला नमस्कार करत होत्या. काही दिवसांनी मी रस्ता बदलला.

माझ्या वर्गात, म्हणजे पाचवीत, एक मुलगी होती. तिचे आईबाप गोंदियाकडचे, धानाची शेती सुटून इथे मातीकामाला आलेले. वर्गात ती हिंदी बोलायची आणि सुट्टीत माझ्याजवळ येऊन आमच्याकडच्या मराठीत. त्या मराठीसाठी मी तिची वाट बघायची, हे खरं सांगायला हवं. भागाकारात ती माझ्याही पुढे धावायची. कारखान्याच्या नव्या वसाहतीत, सेक्टरमध्ये, मुलींचं मिडल स्कूल निघालं होतं, तिथे पाचवीच्या परीक्षेत पास झालेल्या मुली घ्यायचे. तिला तिथे जायचं होतं. सहावीत गेल्यावर आपण कुठल्या बाकावर बसणार, हेसुद्धा तिनं मला सांगून ठेवलं होतं.

दिवाळीनंतर ती आली नाही. एक महिना गेला. तक्ता दुसऱ्या दिवशी पाठवायचा होता, म्हणून मधल्या सुट्टीत मी तिच्या झोपडीवर गेले. टिनाचं दार तारेनं बांधलेलं होतं. मी तार सोडून आत डोकावले. चूल गार होती, कोपऱ्यात एक मडकं पालथं होतं. बाहेर त्या ओळीतली सगळीच दारं तशीच बांधलेली. विचारायला चिटपाखरू नव्हतं. भर दुपारी मजुरांच्या वस्तीत कोण सापडणार, हे कळायला काही अक्कल लागत नाही. मलाही कळलं होतं. संध्याकाळी परत यावं असं मनात आलंही, पण घरी स्वयंपाक होता, आणि त्या वस्तीतून अंधारात एकटीनं परतायचं मला भय वाटत होतं. मी तार पुन्हा बांधली, शाळेत आले आणि तिच्या नावापुढे लिहिलं, पालक अन्यत्र गेले. ती अकरावी.

जानेवारीत एका सकाळी ती वर्गात येऊन तिच्या जागेवर बसली. हडकली होती, हातांना भेगा पडल्या होत्या. मी हजेरी घेतली, पट संपला, वही मिटली. ती उठून माझ्या टेबलाशी आली.

“बाई, माह्यं नाव कावून नाही घेतलं?”

मी तिलाच उलट विचारलं, इतके दिवस कुठे होतीस. ती म्हणाली, इथंच. धाकटी बहीण तापानं पडली होती आणि आईचं काम बुडवणं परवडत नव्हतं, म्हणून ती तिला मांडीवर घेऊन कामाच्या जागी एका मोठ्या सिमेंटच्या पाइपात बसून असायची. आता धाकटी बरी होती. मग म्हणाली, “तुमी घरी आल्या होत्या न, बाई? तार उलटी बांधली होती. मले वाटलं, सांजेले याल. मी दोन दिवस वाट पाह्यली.”

मला तिच्याकडे बघवेना. मी तिला जागेवर बसायला सांगितलं आणि तशीच बडे गुरुजींकडे गेले. नाव परत घ्या म्हटलं. ते चष्मा पुसू लागले. मग म्हणाले की नियमानं ती मुलगी आता दुसऱ्या शाळेत गेलेली आहे, तेव्हा तिथला दाखला आणल्याशिवाय तिला घेता येत नाही. कुठली शाळा, मी विचारलं. त्यांनाही ठाऊक नव्हतं. दुसरा मार्ग एकच, नोंद खोडून चुकीची होती असं लिहायचं. पण इन्स्पेक्टर साहेब येणार होते. एक खोडलेली नोंद दिसली की ते बाकीच्या दहाही बघणार. मी तावातावानं म्हटलं, बघू द्या. गुरुजींनी आवाज चढवला नाही. रजिस्टर माझ्याकडे फिरवून एवढंच म्हणाले, “लिखावट तो आपकी है, बाई.”

माझा राग तिथेच विझला. इतक्या लवकर विझतो तो राग काय कामाचा, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. ठरलं असं की तिनं वर्गात बसावं, साहेब येऊन गेले की नोंद दुरुस्त करू. परीक्षेची यादी त्यानंतरच जाणार होती, म्हणजे तिचं काही बुडत नव्हतं. मी तिला तसं सांगितलं. तिनं मान हलवली. माझ्यावर तिचा विश्वास होता.

इन्स्पेक्टर साहेबांची भेट एकदा पुढे गेली, मग आणखी एकदा. ती रोज येत होती. हजेरीच्या वेळी तिच्या नावाची जागा यायची आणि मी ती ओलांडून जायची. ती मात्र दर वेळी किंचित सरसावून बसायची. मुलांच्या लक्षात आलंच. तिला ‘बिना नाववाली’ म्हणायला लागली. दोघातिघांना मी छडी दिली, मग मुलं माझ्यामागे म्हणायला लागली. तिकडे कारखान्याच्या बाजूनं आता रात्रंदिवस लालसर धूर दिसायचा आणि मजुरांच्या छावण्या एकेक करून उठत होत्या. नवरा जेवताना सांगायचा, मातीकाम संपत आलं, आता मशीनवाले लोक येतील. मी ऐकायची आणि भाकरी उलटायची. हे तिच्या घरालाही लागू आहे, एवढा साधा विचार मी केला नाही. की मुद्दामच केला नाही.

साहेब येण्याच्या आदल्या दिवशी मी तिला जवळ बोलावून सांगितलं, उद्या येऊ नकोस, परवा ये.

दुसऱ्या दिवशी शेड सारवून स्वच्छ केलेली, मुलं तेल लावून बसलेली. साहेब बडे गुरुजींसोबत रजिस्टर चाळत होते, मी बाजूला उभी. तेवढ्यात बाहेर पाण्याच्या रांजणाजवळ ती दिसली. कडेवर धाकटी, पायाशी गाठोडं. माझ्याकडेच बघत होती. मी साहेबांच्या पाठीमागून हातानं तिला जा म्हणून खुणावलं. ती हलली नाही. तिनं काहीतरी मागावं तसा एक हात पुढे केला. मी पुन्हा खुणावलं, या वेळी डोळे वटारून. मग तिनं गाठोडं उचललं आणि गेली.

साहेबांनी शेरा चांगला लिहिला. शिक्षण सोडलेला एकही विद्यार्थी नाही, याबद्दल समाधान वाटते, असं त्यात होतं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. मला वाटलं, रुसली असेल. तिसऱ्या दिवशी मी लाल शाई आणि रूळ घेऊन बडे गुरुजींच्या टेबलाशी बसले. त्यांनी शब्द पाळला, रजिस्टर स्वतःच उघडून दिलं. मी तिच्या वस्तीतल्या, पलीकडच्या ओळीत राहणाऱ्या मुलीला हाक मारून म्हटलं, तिला बोलावून आण, म्हणावं आज नाव लिहायचं आहे.

“बाई, तिची टोळी त गेली,” ती मुलगी म्हणाली. “साहेब आला त्याच दिवशी, दुपारच्या ट्रकनं. ती दाखला मागाले आली होती. तिचा बाप म्हने, नव्या जागी शाळेत घालतो, दाखला आन. तुमी हात केला म्हनून वापस आली.”

मी त्या संध्याकाळी वस्तीवर गेले. आता गेले. तिच्या ओळीतली टिनं काढून नेली होती, जमिनीवर चुलींचे काळे डाग ओळीनं राहिले होते. ट्रक कुठल्या गावाला गेला, हे कोणालाच सांगता आलं नाही. मी उभी होते तेवढ्यात एकदा जमीन हादरली. मी तिथेच खाली बसले आणि रडले.

सकाळी बडे गुरुजींनी विचारलं, आता यात दुरुस्त काय करायचं? मी नोंद वाचली. पालक अन्यत्र गेले. माझं सुबक अक्षर. तीन महिने खोटं असलेलं ते वाक्य आता खरं झालं होतं. फक्त तारीख चुकीची होती, आणि तारीख कोणी तपासत नसे. लाल शाईच्या दौतीचं झाकण मी लावून टाकलं.

पुढे इमारत मिळाली. पक्क्या छताखाली मी अठरा वर्षं शिकवलं, रजिस्टर माझ्याकडेच राहिलं. दाखल्याविना मूल दुसऱ्या शाळेत आलं की ती शाळा आधीच्या शाळेला दाखल्यासाठी पत्र पाठवायची, तशी पद्धत होती. म्हणून रोजची डाक मी स्वतः उघडायची, गुरुजी निवृत्त झाल्यावरही. कोणत्याही गावाचं, कोणत्याही शाळेचं चाललं असतं. त्या अकरांपैकी एकाही मुलासाठी कधी पत्र आलं नाही.