वॉल्टच्या बँडमधला ठराव

माझी भाची सुलक्षणा बर्मिंगहॅममध्येच जन्मली. दिवसा बस कंपनीची टाइमटेबलं करते आणि मंडळाच्या गणपतीत पेटी वाजवते. अशी मुलगी अमेरिकन ब्लूज-रॉक बँडमध्ये कशी शिरली, हे माझ्या बहिणीला अजून उमगलेलं नाही. झालं असं, की टेनेसीहून आलेल्या वॉल्टच्या बँडचा कीबोर्डवाला ऐन दौऱ्यात रुसून निघून गेला. मंडळाच्या साउंडवाल्याने हिचं नाव सुचवलं. म्हाताऱ्या वॉल्टने दोन गाणी ऐकली आणि म्हणाला, आजपासूनच ये. तेव्हापासून इथल्या प्रत्येक दौऱ्यात ती आहेच.

त्या बँडचा इतिहास म्हणजे नुसती ये-जा. एक बेसवाला पाद्री झाला, दुसरा ड्रमरच्या बायकोला घेऊन पळाला; ड्रमर तर किती झाले, देव जाणे. मूळचा उरला एकटा वॉल्ट. नियमही त्याचाच. कुणाला घ्यायचं, कुणाला काढायचं, ते सगळ्यांनी हात वर करून ठरवायचं. समसमान मतं पडली तर बदल नाही.

परवा मी तालमीला डबा घेऊन गेले, तर नव्या ड्रमरने आणि बेसवाल्याने वॉल्टलाच काढायचा ठराव आणलेला! का, तर हल्ली तो संपलेलं गाणं पुन्हा सुरू करतो. मी हबकलेच. अरे, बँड त्याचा, आणि तुम्ही त्यालाच बाहेर काढता?

"मावशी, त्यांचे दोन हात आहे," सुलक्षणा कुजबुजली. "मी नाय करणार. ही गेव्ह मी दिस लाइफ." ती आणि वॉल्ट मिळून दोन. म्हणजे तो वाचणार होता.

दोन हात वर झाले. सुलक्षणाने हाताची घडी घट्ट घातली. आणि वॉल्टने, अगदी हसतमुखाने, आपला हात वर केला.

तीन हात! ठराव मंजूर.

"ठरलं तर," वॉल्ट खुशीत म्हणाला. "या वेळी कोण चाललंय?"

त्याला काही कळलंच नव्हतं! ड्रमरने मान खाली घातली.

"मी," सुलक्षणा म्हणाली. "आय अ‍ॅम आउट, वॉल्ट."

त्याचा चेहरा उतरला. "तुला काढलं? आणि मी हात वर केला?" मग त्याने गिटार केसमध्ये ठेवली आणि कोट चढवला.

"मग मला नको असला बँड," म्हणाला, आणि तिच्याआधी दाराबाहेर पडला.