हाताचा वास

दोन्ही तळहात माझ्या नाकापुढे धरून त्या विचारत, "वास येतोय का बगा, बाई." लिंबाची फोड चोळून तीनदा धुतलेले ते हात. त्या हातांना लिंबाचा वास येई, आणि त्याखाली पुसट दालचिनीचा.

"नाही येत," मी म्हणे.

"नीट बगा."

मी पुन्हा हुंगे. मगच त्या पदर सावरून घरी निघत.

आयुष्यभर कशाची तरी राखण करत राहिलेली माणसे तुम्हीही पाहिली असतील. त्यांतल्याच या एक, भवानीनगरला माझ्या शेजारी राहत. आता इंदापूरला लेकीकडे असतात. बारामतीच्या एका इस्पितळात त्या आया होत्या. तिथल्या सिस्टरने त्यांना नाताळचा केक शिकवला होता, आणि दर नाताळाला एक केक त्या सिस्टरच्या घरी जाई. दिवाळीच्या पणत्या आवरल्या की काळ्या मनुका, खजूर, संत्र्याची साल घालून त्या तो भाजत आणि महिनाभर मुरवत. मुरवायचा म्हणजे दर रविवारी सुईने टोचून त्याला चमचाभर रम पाजायची.

अडचण रमचीच होती. त्यांच्या यजमानांनी दारू सोडली होती. "मालकांनी दारूला सोडलंय," त्या म्हणत, "पन दारूनं मालकांना सोडलंय का, कुनाला ठावं?" म्हणून बाटली आणि केकचा डबा, दोन्ही माझ्या कपाटात, कवितासंग्रहांच्या मागे.

"संत्र्याचा रस घाला की," मी एकदा सुचवले.

"त्यो केक आठ दिसांत आंबतुय. सिस्टरनी शिकवलंय तसंच करनार."

बाटली मी भिगवणहून आणी. गावात जन्मभर कविता शिकवलेली. इथे कुणी पाहिले तर? तिथेही गल्ल्यावर माझाच जुना विद्यार्थी निघाला.

"बाई, तुमी?"

"केकसाठी रे."

"व्हय, व्हय," बाटली अदबीने कागदात गुंडाळत तो म्हणाला, "समदे आसंच म्हंत्यात."

घरी येऊन हे सांगितले तेव्हा त्या डोळ्यांत पाणी येईतो हसल्या, आणि हसू ओसरल्यावर भिंतीला टेकून, डोळे मिटून, कितीतरी वेळ तशाच बसून राहिल्या.

गेल्या वर्षी केक निम्मा मुरला असताना त्यांचे यजमान झोपेतच गेले. दारू सोडल्यापासूनच्या नऊ वर्षांत त्यांनी एक थेंबही घेतला नव्हता.

दोन रविवार डबा उघडला नाही. तिसऱ्या रविवारी त्या आल्या. "सिस्टर वाट बगत आसतील," म्हणाल्या. मी बाटली पुढे ठेवली. त्यांनी केकवरचा कागद सोडवला, सुई टोचली, चमचा हळूहळू ओतला. भिजल्या मनुकांचा जड, गोड वास खोलीभर पसरला.

सवयीने मी लिंबू कापून मोरीवर ठेवले. त्या फोडीकडे त्या पाहत राहिल्या.

"लय दमलीय हो, बाई."

एवढेच म्हणाल्या, आणि रमने ओलसर झालेली बोटे न धुता, तशीच, उंबरा ओलांडून घरी गेल्या.