आमच्या पास्टरांची पाच वर्षं

आमच्या मसोलीच्या मंडळीची रविवारची उपासना दीड तासात आटपते. त्यानंतरचा चहा मात्र अडीच तास चालतो! उपदेश कशावर होता हे मंगळवारपर्यंत कुणालाच आठवत नाही, पण चहाच्या वेळी निघालेला किस्सा वर्षानुवर्षं टिकतो आणि दर खेपेला थोडा फुगतो. मी जन्मभर शाळेत मुलांच्या सबबी ऐकल्या आहेत, त्यामुळे फुगवलेलं मला लगेच कळतं. पुढे जे सांगते ते फुगवलेलं नाही. निदान मी तरी फुगवलेलं नाही.

सगळे किस्से एकाच माणसाचे आहेत. पास्टर लियाना, मूळचे मिझोरामच्या डोंगरातले. तिथल्या मंडळीने त्यांना आणि त्यांच्या बायकोला, रेमीला, आमच्या डहाणू-तलासरीकडे नवी मंडळी उभी करायला पाठवलं. मुदत पाच वर्षांची. पाच वर्षांनी तिकडून कुणीतरी येऊन बघणार, काम दिसलं तर ठेवणार, नाहीतर परत बोलावणार. मी त्यांना मराठी शिकवायची आणि गावोगाव त्यांच्याबरोबर हिंडायची. म्हणजे साक्षीदार मीच!

* * *

आल्या आल्या मसोलीत खोली बघायला गेलो. घरमालक जयंतीकाका. गुजराती माणूस, स्वभावाने लोणी, पण व्यवहाराला पक्का. पास्टरांचा चेहरा बघून म्हणाले, "पासपोर्ट दाखवा."

पास्टर म्हणाले, "काका, मी भारतीय आहे." आणि त्यांनी आधार कार्ड पुढे केलं.

काकांनी ते उलटसुलट करून पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, ह्यांचं येऊन आठवडा नाय झाला आणि आधार पण निघालं? माझ्या सासूचं दोन वर्षं झाली, नाय निघत!"

गंमत म्हणजे तिकडे पास्टरांची आईही गावभर सांगत होती की, मुलगा परदेशात मिशनरी आहे. पास्टरांनी फोनवर समजावलं, "आई, हा आपलाच देश आहे." आई म्हणाली, "तुला यायला चार दिवस लागतात, भाषा कळत नाही, जेवण वेगळं. मग परदेश आणखी कसा असतो?" पास्टरांनी दोन्हीकडे समजूत घालणं सोडून दिलं.

* * *

मराठी ते झपाट्याने शिकले, पण जुन्या धार्मिक पुस्तकांतून. माझं ऐकायचे आणि घरी जाऊन ती पुस्तकं वाचायचे. त्यामुळे बोलणं असं की, ऐकणाऱ्याने हात जोडावेत!

एकदा डहाणूच्या मासळी बाजारात ते एका कोळणीसमोर उभे राहिले आणि नम्रपणे म्हणाले, "हे भगिनी, तुझे हे बोंबील आजचे होत किंवा कसे?"

तिने हातातला कोयता खाली ठेवला. त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "आजचेच हायत रे बाबा. पण तू कंच्या नाटकातनं पळून आलास?"

* * *

आता समुद्राचा किस्सा.

पहिले तीन जण बाप्तिस्मा घेणार होते. पास्टरांनी बोर्डीचा किनारा ठरवला. आदल्या आठवड्यात स्वतः जाऊन बघून आले होते. पाणी छान, जागा छान. रविवारी सकाळी दहाची वेळ दिली. तिघं पांढऱ्या कपड्यांत, आम्ही बायका नवीन साड्यांत, एसटीने बोर्डीला उतरलो. पास्टर पुढे गेले आणि धावत परत आले. चेहरा पांढराफटक.

"बाई," ते म्हणाले, "समुद्र गेला!"

ओहोटी होती. जिकडे बघावं तिकडे ओली वाळू, आणि पाणी लांब कुठेतरी चकाकत होतं. डोंगरात वाढलेल्या माणसाला समुद्र जागेवर बसत नाही हे कुणी सांगणार? आणि मी समुद्राकाठी इतकी वर्षं काढलेली बाई, मलाही सुचलं नाही! तरी आम्ही चालत निघालो. चालतोय, चालतोय, पाणी घोट्याच्या वर यायचं नाव घेत नाही.

जाळं नीट करत बसलेला एक म्हातारा कोळी बराच वेळ आमची वरात बघत होता. शेवटी ओरडला, "ओ पास्टर, चार वाजता येईल तो! तवर तुमचा देव थांबेल ना?"

पास्टरांनी तिथूनच उत्तर दिलं, "देव थांबेल! एसटीचं तेवढं विचारून सांगा!"

आम्ही सुरूच्या झाडांखाली बसून भजनं म्हटली, चिकू खाल्ले, आणि चारच्या सुमाराला तिघांचा बाप्तिस्मा झाला. त्या दिवसाइतका आनंद मला क्वचित झाला असेल. एसटी अर्थातच गेली.

* * *

तलासरीकडच्या एका पाड्यावर सोनीआजी राहते. तिचा बैल दोन दिवस उठेना. आजी व्यवहारी. तिने एका मुलाला भगताकडे पाठवलं, दुसऱ्याला गुरांच्या डॉक्टरकडे, आणि सुनेला आमच्याकडे. भगत, डॉक्टर आणि पास्टर एकाच वेळी अंगणात हजर!

तिघं एकमेकांकडे बघत उभे. कोणी आधी सुरू करावं? आजीने निकाल दिला. भगताला म्हणाली, "तू तुझं बोल." डॉक्टरला म्हणाली, "तू सुई मार." आणि पास्टरांना म्हणाली, "तू प्रार्थना कर, पण आधी शिंगं धर."

पास्टरांनी शिंगं धरली. डॉक्टरने सुई मारली, आणि बैल असा उसळला की भगत कुंपणावर आणि पास्टर शेणात! पण बैल उभा राहिला. सगळे हसायला लागले, भगत सगळ्यात जास्त.

परतताना मी विचारलं, "प्रार्थना झाली का हो?"

"झाली," पास्टर म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून केली."

* * *

रेमीने एकदा आमच्या बायकांना तिकडची एक पद्धत सांगितली. मिझोराममध्ये घरची बाई जेवण करायला तांदूळ घेते तेव्हा प्रत्येक वेळी एक मूठ वेगळी काढून ठेवते. ती मूठ देवाच्या कामाची. मुठी साठल्या की मंडळीत नेऊन द्यायच्या. "आम्ही दोघं इथे त्याच मुठींवर आहोत," रेमी म्हणाली.

अनोळखी बायका, कुठल्या कुठल्या डोंगरात, रोज आपल्या पातेल्यातली मूठ आमच्यासाठी काढतात? माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

पुढच्या रविवारी सगळ्याजणी पिशव्या घेऊन हजर. पाड्यांवरच्या बायकांनी तांदूळ आणले, काहींनी नाचणी. आणि किनाऱ्यावरून येणारी आमची हिराबाय हिने आणले सुके बोंबील! उपासना जयंतीकाकांच्याच भाड्याच्या हॉलमध्ये; पंखे सुरू झाले आणि तो वास अख्ख्या उपासनेभर फिरला. जयंतीकाका वरच्या मजल्यावरून दोनदा डोकावून गेले.

मी म्हटलं, "हिराबाय, तांदळाची मूठ म्हणाली होती रेमी!"

"माझ्या घरी तांदूळ विकत येतो," हिराबाय म्हणाली. "जे माझं, त्याची मूठ."

मी तिची पिशवी तांदळाशेजारी ठेवली. आता प्रश्न आला की, हे सगळं पाठवायचं कुठे. हिराबायच म्हणाली, "जिथनं आपल्याला येतं तिथं." झालं! नाचणी आणि बोंबील मिझोरामला पार्सल गेले. तीन आठवड्यांनी पास्टरांच्या आईचा फोन आला. मी तर माफी मागायच्या तयारीत होते. आई म्हणाली, "तुझ्या त्या परदेशातल्या लोकांना चव कळते रे! आणखी पाठव!"

* * *

मध्यंतरी कुणीतरी पोलिसांत अर्ज केला की, हा बाहेरचा माणूस गावात येऊन काय बोलतो त्याची चौकशी व्हावी. बुधवारी आमची प्रार्थना कैनाड गावात असते, धर्माबाबाच्या अंगणात. बाबाची सून मंजू आमच्या मंडळीतली. बाबा स्वतः आपल्या देवांचा पक्का. तो आंब्याखाली खाट टाकून तंबाखू मळत बसतो, आमच्यात बसत नाही, पण एकही बुधवार चुकवत नाही.

त्या बुधवारी एक हवालदार वही घेऊन आले आणि मागे बसले. मंजूने भजन निम्म्यावरच आटपलं. पास्टर मात्र बोलायला लागले आणि थांबेचनात! एरवी वीस मिनिटांत आटपणारे पास्टर पाऊण तास बोलले, तेसुद्धा सावकाश, एकेक वाक्य सोडत, मधे थांबत. हवालदार खाली मान घालून लिहीत होते.

संपल्यावर पास्टर थेट त्यांच्याकडे गेले. मी लगबगीने मागोमाग गेले.

"साहेब," पास्टर हात जोडून म्हणाले, "इतक्या वर्षांत माझा उपदेश लिहून घेणारे तुम्ही पहिलेच. एक झेरॉक्स मिळेल का?"

हवालदार आधी गोंधळले, मग मोठ्याने हसले. चहा पिऊन गेले. पुन्हा चौकशी आली नाही. झेरॉक्सही आली नाही, त्याचं पास्टरांना अजून वाईट वाटतं.

* * *

आणि मग पाच वर्षं भरली.

मिझोरामहून तिथल्या मंडळीचे सचिवसाहेब आले. साठीचे, शांत, पायात चकचकीत बूट. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "चर्च कुठे आहे?" पास्टरांनी जयंतीकाकांचा भाड्याचा हॉल दाखवला. "किती कुटुंबं?" चौदा. सचिवसाहेबांनी कागदावर लिहून घेतलं आणि कागद घडी करून खिशात घातला. मला तो घडी केलेला कागद मुळीच आवडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पास्टर मला म्हणाले, "बाई, ते परत चला म्हणाले तर मी जाईन. ज्यांनी पाठवलं त्यांचं ऐकायचं असतं. देवाचं काम माझ्यावाचून अडत नाही." आवाज ठाम होता. मग म्हणाले, "रेमी काल भांडी बांधायला बसली होती. बांधताना रडली." मला ते दोघं जायला नको होते, हे मी स्पष्ट सांगते. पण निर्णय माझ्या हातात नव्हता.

कैनाडला भाताची लावणी चालू होती. पास्टरांनी धर्माबाबाला मदतीचा शब्द दिलेला, त्यामुळे ते सरळ पँट दुमडून चिखलात उतरले. मी आणि सचिवसाहेब बांधावर धर्माबाबाशेजारी उभे. सचिवसाहेब इंग्रजीत बोलत होते, मी दोघांमध्ये दुभाषी.

"हे मंडळीत आहेत?" त्यांनी विचारलं.

"नाहीत," मी म्हटलं. "पण पाच वर्षं ऐकतायत."

"मग बाप्तिस्मा का घेतला नाही?"

बाबा शांतपणे म्हणाला, "माझे देव माझ्या बापजाद्यांचे. त्यांना सोडून मी कुठं जायचा नाय. त्यालाबी ठाव हाय ते."

"मग पास्टर परत गेले तर तुम्हाला काय फरक पडतो?"

मी हे भाषांतर केलं आणि बाबाचा चेहरा बदलला. त्याने तोंडातली तंबाखू थुंकली.

"फरक? अवो, हा आला तवा याला काय येत होतं? भात लावायला पुढं पुढं चालायचा. लावलेलंच तुडवायचा! मागं मागं सरकायचं असतं, हे मी शिकवलं. बांधावरनं चालता येत नव्हतं, ते पोरींनी शिकवलं. कुणाच्या घरी मयत झालं तर कुठं बसायचं, कधी गप ऱ्हायाचं, कायबी ठाव नव्हतं. पाच वर्षं घालवली आमी त्याच्यावर! आता कुठं कामाचा झालाय, तर तुमी न्यायला आलाव?"

बाबाला धाप लागली. मग खालच्या आवाजात म्हणाला, "न्यायचा तर न्या. पण दुसरा पाठवू नका. पुन्हा पहिल्यापासनं शिकवायला माझ्यात जीव नाय ऱ्हायला."

मी एकही शब्द न गाळता सगळं इंग्रजीत सांगितलं.

सचिवसाहेबांनी शेताकडे पाहिलं. मग त्यांनी खिशातून तोच कागद काढला, पेन उघडलं आणि मला म्हणाले, "यांना विचारा, पास्टरांना तयार व्हायला अजून किती वर्षं लागतील?"

मी विचारलं. बाबाने डोळ्यांवर हात धरून शेतात पाहिलं. पास्टर बायकांच्या रांगेत मागे मागे सरकत होते. सरकता सरकता त्यांचा पाय घसरला आणि ते धपकन चिखलात बसले. रोपांची जुडी मात्र हातात उंच धरलेली! बायका पोट धरून हसायला लागल्या.

धर्माबाबाने मान हलवली.

"लिहा पाच!"