मीठ घातलंय का नुसतं दाखवलंय?

मी माझं गाव, माले, सोडलं त्या दिवशी आई रडली नाही, करवादली. लग्नानंतरचा आठवडा, ऐन उन्हाळा, दारात टेम्पो उभा. माझा नवरा प्रशांत टेम्पोवाल्याशी दोरीवरून वाद घालत होता आणि आई दोघांवर ओरडत होती. दोरी अशी बांधतात का, गाद्या खाली का घातल्या, हंडा चेपला तर कोण भरून देणार. शेवटी खताच्या गोणीत भरलेली मक्याची कणसं तिनं टेम्पोत बसलेल्या माझ्या मांडीवर आदळली. तेव्हा मात्र मला रडू फुटलं, तर शेजारची सुभद्रामावशी हसत सुटली. "भूगावला तर चाललीस! त्यात काय रडायचं? येस्टीत बसलं की आलीस की माघारी."

हे वाक्य मला अजून लागतं. अमेरिकेला जाणाऱ्याला निरोप द्यायला अख्खा गाव गोळा होतो, आणि त्याला हवं तेवढं रडता येतं. तासाभराच्या रस्त्यावर जाणाऱ्या बाईनं मात्र डोळे पुसून गप बसायचं. माले, पौड, ताम्हिणी सोडून इकडं शहराला लागलेल्या बिल्डिंगांत राहायला आलेल्या माझ्यासारख्या सगळ्या जणींना हे माहीत आहे. किलोमीटर मोजले तर आम्ही कुठंच गेलेलो नाही, आणि तरी एकदा गेलो ते गेलोच. मालेत परसात जाऊन कणीस मोडून आणायचं, चुलीतल्या निखाऱ्यावर टाकायचं. इथं कणसाचं कॉर्न झालं. मॉलमध्ये ते बटर लावून कागदी कपात मिळतं. प्रशांत अकोल्याचा, तो त्याला भुट्टा म्हणतो. आमची लेक मैत्री स्वीटकॉर्न म्हणते. एका घरात एका वस्तूला तीन नावं, आणि फ्रीज मात्र एकच.

फ्रीजचं सांगते, कारण दर उन्हाळ्यात माझं डोकं तिथं फिरतं. माझा धाकटा भाऊ राहुल विहिरीच्या पाण्यावर मका करतो आणि पहिल्या तोडणीची गोणी दुधाच्या टेम्पोतून मला धाडतो. राहुल, तू हे वाचशील म्हणून लिहिते, आम्ही घरात तीन माणसं आहोत. गोणीभर कणसं म्हणजे दोन दिवस नुसतं सोलणं, दाणे काढणं, वाफवणं, पिशव्या भरणं. ऑफिसमधून दमून यायचं आणि पुन्हा हे. वॉचमनला देते, लिफ्टमध्ये भेटेल त्याला देते, तरी उरतात. तुला फोन करून ओरडते, तर तू म्हणतोस, "आईनं भरलीया गोणी, तिलाच बोल."

यंदा गोणीच्या आधी आईच आली. शेतात चक्कर येऊन बसली, पौडच्या डॉक्टरांनी बीपी आणि साखर दोन्ही सांगितली. मीठ कमी, तेल कमी, आणि गोळी घेतली की वेळेवर जेवण, त्यात हयगय नको. राहुल आणि वहिनी दोघंही दिवसभर कामावर, घरात तिच्याकडं बघायला कोण? म्हणून मी तिला भूगावला आणलं. मला वाटलं, आता दोन घास सुखाचे खाईल.

तिनं माझा जीव खाल्ला. भांडली असती तर मी समजू शकले असते. ती गोड वागायला लागली. एक चमचा तेलात केलेली फोडणी, नाचणीची भाकरी, वाफवलेली भाजी, काहीही वाढलं तरी म्हणायची, "ब्येस झालंय." आणि अर्धं ताट तसंच. "घे ना अजून." "पोट भरलं गं, लई झालं." सोफ्याच्या कडेला बसायची, टीव्ही लावू का म्हणून विचारायची. स्वतःच्या लेकीच्या घरात पंखा लावायला परवानगी मागणारी बाई बघितली की डोक्यात तिडीक जाते. एकदा गोळी घेतली आणि नेहमीसारखं दोन घासांत उठली. तासाभरात घामानं भिजली, हात थरथरायला लागले. साखर खाली आली होती. मी धावत जाऊन गुळाचं पाणी केलं आणि तिला पाजलं. ही बाई माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर उपाशी राहून मरेल, अशी भीती मला त्या दिवशी वाटली.

त्यात मैत्रीच्या शाळेतून आलेलं एक खूळ. जेवण झालं की ताटं उचलण्याआधी प्रत्येकानं एका गोष्टीबद्दल आभार मानायचे. प्रशांत पावसाचे मानतो, मैत्री मैत्रिणीचे, मी घाईघाईत लिफ्ट चालू असल्याचे. त्या संध्याकाळी मैत्रीनं आजीला विचारलं. आईनं पदर सावरला आणि भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडं बघत म्हणाली, "जावईबापूंचे लई उपकार. मला हितं ठेवून घेतलं."

मैत्रीनं टाळ्या वाजवल्या. प्रशांत ओशाळून ताटाकडं बघत बसला. माझा मात्र तोल गेला. चिडले की माझी ऑफिसातली भाषा जाते आणि मालेची येते. "उपकार? कुनाचे उपकार? आये, तू मालेत अर्धी भाकर टाकून उठली असतीस का? भाजीला नावं ठेवली असतीस, मला शिव्या दिल्या असत्यास, आन वर दुसरी भाकर मागितली असतीस! हितं कशाला ब्येस ब्येस करतीस?"

"जावयाच्या घरात खोड काढू न्हाई," ती शांतपणे म्हणाली. "वाढतील तेवढं खावं. दुसऱ्यांदा मागू न्हाई."

म्हणजे इतके दिवस ही पाहुणी म्हणून जेवत होती! मी म्हटलं, "दारावरची पाटी वाच की एकदा. माझं पन नाव हाय तिच्यावर." आणि भांडी आपटत आत गेले. वाईट वाटलं, पण परत बाहेर जाऊन समजूत घालण्याइतकं नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सुट्टी. सकाळीच राहुलची गोणी आली. मी कपाळावर हात मारला, पण आई उठून बाल्कनीत बसली आणि सोलायला लागली. हिरवी सालं एका बाजूला, कणसं एका बाजूला. तिच्या अंगात कितीतरी दिवसांनी काही हललेलं दिसलं. बऱ्याच वेळानं, वर न बघता तिनं विचारलं, "पाटीवर तुझं नाव वर हाय का त्यांचं?"

"माझं वर आहे."

"म्या वाचलं," ती म्हणाली. "सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तवा."

बस्स, एवढंच. आणि पुढचं कणीस सोलायला घेतलं. मी डॉक्टरांना फोन केला. आई मका खाऊ शकते का? ते म्हणाले, वाटीभर खाऊ द्या, फक्त त्या वेळची भाकरी बाजूला ठेवा आणि बटर नको. मग मी संध्याकाळी कणसं किसून मक्याचा कीस केला. चमचाभर तेलात मोहरी, हिरवी मिरची, किसलेलं आलं, वर थोडं दूध, झाकण ठेवून मंद वाफ. मीठ चिमटीत धरलं आणि अर्धं परत डब्यात टाकलं. वर लिंबू, कोथिंबीर.

आईनं पहिला घास तोंडात घातला. मी जीव मुठीत धरून "ब्येस झालंय" ची वाट बघत होते. तिनं घास गिळला, भुवई वर केली.

"ह्यात मीठ घातलंय का नुसतं दाखवलंय?"

प्रशांतचा चमचा हवेतच राहिला.

"डॉक्टरांनी सांगितलंय, आई."

"डाक्टरनं मीठ कमी सांगितलं. किसताना पार दान्यांखालच्या बुरकुंडापर्यंत जायला बी डाक्टरनंच सांगितलं व्हय? दाताखाली चोथा येतोय. किसनीवर राग काढलास जनू. तुझा हात पैल्यापासनं असाच. आन हे लिंबू एवढंसं? घरात लिंबं न्हाईत का?" ती उठली. न विचारता फ्रीज उघडला, लिंबू काढलं, माझ्या सुरीच्या धारेला नावं ठेवत कापलं आणि ताटात पिळलं. ताट पुसून खाल्लं. मग ताट माझ्यासमोर सरकवलं. "आजून हाय का? का संपलं?"

डॉक्टर एवढ्यालाच हो म्हणाले होते, तरी मी वाढलं, पळीभर. वाढताना मला पुढचं नीट दिसत नव्हतं. हे मी कुणाला सांगितलं नाही, इथंच सांगते आहे.

ताटं उचलायच्या आधी मैत्रीचा आभारांचा तास सुरू झाला. आजीची पाळी आली. "म्या कशाला कुनाचे आभार मानू?" आई बोट चाटत म्हणाली. "आपल्याच घरात आभार मानत्यात व्हय?" मैत्री हिरमुसली आणि माझ्याकडं वळली. "मम्मी, तू तरी सांग."

"आजीनं आज माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली," मी म्हटलं.

"हे काय थँक्यू आहे का?"

आहे बाई. इतकी वर्षं मी गोणीवरून राहुलशी भांडले, फ्रीजवरून कुरकुरले, तेसुद्धा घरच्याच माणसांशी. परक्याला मी हसून थँक्यूच म्हटलं असतं. माले सोडून आलेल्या सगळ्या जणींना सांगते, घर मागं राहिलं म्हणून झुरू नका. ज्या ताटावर बसून मीठ कमी आहे म्हणून आपल्या माणसाला ओरडता येतं, ते घरच असतं, मग ते मालेत असो नाहीतर भूगावात सहाव्या मजल्यावर.

राहुल, काळजी करू नकोस. आई आता जेवते आणि मला सकाळपासून बोलते आहे. फक्त पुढची गोणी जरा लहान भर.