थोरल्याच्या मेल

तांदळाच्या भाकरीचा वास आला, की वडिवळे गावातल्या आमच्या घरातली ती सकाळ आठवते. जहाजावर नोकरीत असताना वारलेल्या माझ्या थोरल्या भावानं आम्हाला पाठवलेल्या मेल ज्या सर्व्हरवर होत्या, तो बंद होणार होता. धरणावरून धुकं सरकत होतं, नेट रखडत होतं आणि एकेक मेल घरच्या कॉम्प्युटरवर उतरत होती. शेजारी बसलेल्या आईनं विचारलं, "आलं का समदं? तिकडं काय ऱ्हायलं न्हाई ना?" काय न्हाई ऱ्हायलं, मी म्हणालो, तशी ती उठली, भाकरीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी घेऊन आली, कॉम्प्युटरवरून तुकडा आणि पाणी ओवाळून तिनं अंगणाबाहेर टाकलं आणि म्हणाली, "लय लांबून आलाय त्यो." काल त्याच मेल मी नव्या कॉम्प्युटरवर घेतल्या, ओवाळायला आता आई नव्हती, म्हणून भाकरी मोडून तुकडा मीच ओवाळला.