गिरणीच्या भिंतीपाशी साप

कुर्डुवाडीहून नोकरीसाठी सोलापुरात आले तेव्हा मला जवळजवळ सगळ्याचीच भीती वाटायची. लहानपण रेल्वेच्या क्वार्टरमध्ये, ओळखीच्या माणसांत गेलेलं. इथं एका लहानशा संस्थेसाठी विडी कामगारांच्या वस्तीत जायचं आणि मुलींना पटावरच्या खेळांतून शिकवायचं. शनिवारी दुपारी समाजमंदिरात सतरंजी टाकायची, पट मांडायचा. वाचन, हिशेब, चारचौघांत बोलणं, सगळं खेळता खेळता. या मुली घरी तेलुगू बोलायच्या आणि शाळेत मराठी बोलायची वेळ आली की खाली मान घालायच्या. पण फासा हातात आला की त्यांची मराठीतली भांडणं आवरत नसत.

एका शनिवारी मी त्यांना स्वतःची सापशिडी बनवायला सांगितलं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता काढायचा, त्याच्या चौकटी पाडायच्या. आवडत्या जागेवर शिडी, नकोशा जागेवर साप. कुणी पिसाळलेल्या कुत्र्यापाशी साप काढला, कुणी गणिताच्या बाईंच्या वर्गाबाहेर. हसून हसून पोरी लोळत होत्या.

आठवीतली एक मुलगी कधीच फारसं बोलायची नाही. तिनं बंद गिरणीच्या भिंतीपाशी एक जाड साप काढला. शेपूट पार खाली पहिल्या चौकटीत आणली आणि तिथं लिहिलं, ‘शाळा बंद’. हसणं थांबलं.  हा कशाचा साप, मी विचारलं.

“हितं एक माणूस गाडी लावून थांबतो, ताई,” ती पटाकडं बघतच म्हणाली. “मागनं येतो. परवा ओढणी धरली.”

“घरी सांगितलंस?”

“घरी सांगितलं की शाळा बंद. म्हणून तर शेपूट तितं काढलंय.”

 रिक्षातून उतरून मीही त्याच बोळातून यायचे. एका बाजूला गिरणीची उंच भिंत, दुसऱ्या बाजूला वेड्या बाभळी, मध्ये एक दुकानसुद्धा नाही. आईबापांना सांगावं तर मुली घरी बसणार. न सांगावं आणि काही बरंवाईट झालं तर? मी मोठी, शिकलेली. मुली माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

तेवढ्यात दुसरी एक, सगळ्यांत भांडखोर, म्हणाली, “लुडोत जोडीला मारता येत न्हाय की! हितंबी तसंच करू.”

लगेच नियम ठरला. सापाच्या तोंडाशी एकटी सोंगटी गेली तर घसरणार; दोन मिळून गेल्या तर पुढं. सोंगट्या म्हणून चिंचोके होते. मुली मागं वळून दुसरीसाठी थांबायला लागल्या. खेळ संपताना त्यांनी ठरवूनही टाकलं: सोमवारी सगळ्यांनी मिळून जायचं. “ताई, तुमीबी येणार ना?” मी हो म्हटलं. त्या दोन रात्री मला नीट झोप लागली नाही.

सोमवारी तो तिथं होता. मोटारसायकल आडवी, तोंडात तंबाखूचा मावा. माझ्या बापाच्या वयाचा असेल. आम्ही जवळ गेलो तरी गाडी हलवेना. बोलायचं मीच, हे मला कळत होतं. पण मी नुसती गाडीच्या नंबराकडं बघत होते. एका मुलीनं माझ्या मनगटात नखं रुतवली.

“काका, गाडी बाजूला घ्या,” ती गप्प मुलगी म्हणाली. आवाज थरथरत होता, पण ऐकू जाण्याइतका मोठा होता. मग सगळ्याच ओरडल्या, “गाडी घ्या! गाडी घ्या!”

त्यानं गाडी वळवली. जाता जाता मला म्हणाला, “पोरींना लई शिकवताय बाई. एकेकीचं घर माहीत हाय मला.”

मुली शाळेत गेल्या. आता घरी सांगणं भागच होतं. संध्याकाळी त्या मुलीला बरोबर घेऊन तिच्या घरी गेले. आई दारात बसून कात्रीनं विडीची पानं कापत होती. मी अडखळत सांगायला लागले. मुलीनं मध्येच कॅलेंडर उलगडून आईसमोर ठेवलं आणि तेलुगूत भरभर बोलली. मला एकच शब्द कळला, शाळा. तो ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

आईची कात्री थांबली. 

“मला वाटलं, तो मलाच घाणघाण बोलतो,” ती म्हणाली. “वळलेल्या विड्यांचं सूप घेऊन कारखान्यात जाते ना मी, त्याच बोळातनं.” मग पदरानं तोंड पुसलं. “शाळा बंद न्हाय करायची. पण त्याला सोडायचा न्हाय.”

दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या बाया पोलीस चौकीत गेल्या. मीही गेले.  पोलिसांनी तक्रार लिहून घेतली, त्या माणसाला बोलावून दम दिला. त्यानंतर तो बोळात दिसला नाही. पण मोटारसायकलचा आवाज मागून आला की मी भिंतीला चिकटायचे, आणि त्याला आमची घरं माहीत आहेत, हे मनातून जाईना.

सगळं काही नीट झालं नाही. त्या भांडखोर मुलीच्या वडिलांना चौकीची गोष्ट कळली आणि त्यांनी आठवड्याच्या आत तिला सीमेजवळच्या मैंदर्गीला आत्याकडं धाडलं. मी त्यांना भेटायला गेले तर ते दार उघडेनात. मग बाकीच्या मुलींच्या आया माझ्याबरोबर आल्या, एकदा नाही, तीनचार वेळा. शेवटी ते एवढंच बोलले, “तितल्या शाळेत घातलंय. आता जा.”

खरं की खोटं, ते महिनाभर कळलं नाही. मग एका शनिवारी आत्याच्या मोबाइलवरून तिचा फोन आला. “ताई, हितं वर्गात सगळी कानडी बोलतात,” ती म्हणाली. “मला कळत न्हाय. एक सापशिडी पाठवा की.”