घटस्थापनेची तारीख

१९८२ सालच्या डिसेंबरची अठ्ठावीस तारीख. सकाळी सहाला आम्ही व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागातल्या गावातून निघालो. बाहेर चार बोटे बर्फ. गाडी अरुणराव चालवत होते, शेजारी त्यांची बायको, म्हणजे माझी भाची सुषमा, आणि मागे मी, तिच्या मदतीला भारतातून आलेली. मुले शेजारणीकडे ठेवली होती. दोनशे सत्तर मैलांवर, वॉशिंग्टनजवळच्या इस्पितळात सुषमाला दाखल व्हायचे होते.

तिची धाकटी मुलगी आठ महिन्यांची. त्या बाळंतपणात पोटावर शस्त्रक्रिया झाली, रक्त फार गेले. दोन वर्षे तरी पुन्हा नको, असे डॉक्टरांनी बजावले होते. तरी दिवस राहिले. दोघांनी विचार करून गर्भपाताचे ठरवले. आपल्याकडे कायदा परवानगी देतो, इथे कसली अडचण, असे मला वाटले होते. पण या राज्यात पहिल्या तीन महिन्यांनंतर इस्पितळच लागते, आणि डोंगरातली इस्पितळे हे काम करत नव्हती. याच रस्त्यावर सत्तर मैलांवरच्या शहरात एक दवाखाना होता. त्यांनी फोनवर शेवटच्या पाळीची तारीख विचारली आणि बारा आठवडे उलटले म्हणून नकार दिला.

साठ मैलांवर एका डायनरमध्ये (रस्त्याकडेचे छोटे हॉटेल) थांबलो. ग्रिट्स (मक्याच्या कण्या) समोर आल्या; मीठ घातल्यावर बऱ्या लागल्या. सुषमाने चमचाही उचलला नाही.

"तारीख नक्की आठवते ना तुला?" मी विचारले.

"मावशी, ती कशी विसरेन? घटस्थापनेचाच दिवस. मी बाजूला बसले आणि घट अरुणने बसवला. गहू सापडेना, तर यानं पॉपकॉर्नचे दाणे पेरले!"

"उगवले की नाही?" अरुणराव म्हणाले. "तुझ्या गव्हापेक्षा उंच."

"आणि फोनवर कुठली तारीख सांगितलीस?"

"एकोणतीस सप्टेंबर. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बघून."

माझा घास थांबला. ते कॅलेंडर गेल्या वर्षीचे होते. गणपतीचे चित्र छान म्हणून तिने उतरवले नव्हते. यंदा अधिक आश्विन आला, सण पुढे गेले. परदेशात पंचांग नसते म्हणून दरवर्षी सणांच्या तारखा मीच तिला पत्राने कळवते.

"अगं, यंदा घट सतरा ऑक्टोबरला बसले. रविवार होता."

"हो! अरुण घरी होता म्हणून तर..." ती बोटांवर आठवडे मोजू लागली.

कागदी रुमालावर मी दिवस मांडले, दोनदा. बहात्तर. दहा आठवडे आणि दोन दिवस.

अरुणराव त्या शहरातल्या दवाखान्याला विचारायला डायनरच्या फोनकडे धावले. परत येऊन म्हणाले, "मावशी, दुपारी डॉक्टर आहेत, या म्हणाले. हॉस्पिटलची डेट कॅन्सल करू?"

"आधी तपासू द्या," मी म्हटले. माझ्या हिशेबावर कोणाचा जीव टांगायचा नव्हता.

दवाखान्यात माझ्या शेजारी एक गोरी बाई बसली होती. खाणकामगाराची बायको, दोन मुले, पहाटेच्या बसने आलेली. तिला चौदा आठवडे झाले होते. आधी बसभाड्याची सोय होईना, मग मुलांना सांभाळायला कोणी मिळेना, तोवर आठवडे उलटले. आता तिलाही त्याच लांबच्या इस्पितळात जायला सांगितले होते.

सुषमा तपासून बाहेर आली, बोटांनी दहा दाखवत. दुपारी सारे सुखरूप पार पडले. अरुणराव इस्पितळाला फोन करायला उठले, तेव्हा मी म्हटले, "आपली जागा या बाईंना मिळेल का, ते विचारा." इस्पितळवाले उद्यापर्यंत जागा राखायला तयार झाले. तिने नंबर तळहातावर लिहून घेतला.

"सोडू का तुम्हाला तिकडे?" अरुणरावांनी विचारले.

"मुलं वाट बघत असतील," ती म्हणाली. "नवऱ्याला मी काही सांगितलेलं नाही. थँक यू, मॅम."

परतताना सुषमा माझ्या मांडीवर डोके ठेवून झोपली. घरी पोचताच तिने भूक लागली म्हणून सांगितले; मी मऊ भात टाकला. माझ्या बॅगेत १९८३चे कॅलेंडर होते, ते खिळ्याला लावले. गणपतीचे चित्र तिने कापून देव्हाऱ्यात ठेवले.

मार्चमध्ये मी भारतात परतले. सुषमा बरी आहे, तिची पत्रे येतात. ती बाई गेली की नाही, ते कळले नाही. आमच्या तारखेत चूक सापडली म्हणून आम्हाला वाट मिळाली. तिने सांगितलेली तारीख बरोबर होती.